कॅमेरा नंतर, छज्ज्याची सळई आधी

नमस्कार सर,

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: धुळ्यातल्या पॉलिटेक्निकमध्ये तुम्ही दुसऱ्या वर्षाला 'स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स' शिकवता. फळ्यासमोर उभं राहून पाऊण-पाऊण तासाचे ४२ व्हिडिओ केलेत. ते यूट्यूबवर आहेत, पण बहुतेक मुलं दुसऱ्या-तिसऱ्या मिनिटाला निघून जातात. आता ४० हजार रुपये हाताशी आहेत, तर कोणता कॅमेरा घ्यावा?

माझ्या मते सध्या कोणताच घेऊ नका. चित्र अस्पष्ट आहे म्हणून मुलं जात नाहीयेत. वर्गातला तास जसाच्या तसा उचलून पडद्यावर ठेवला गेला, हे खरं दुखणं आहे. वर्गात तुम्ही मागच्या बाकावरचे चेहरे बघता, कपाळाला आठी दिसली की तेच वाक्य दुसऱ्या शब्दांत सांगता, 'समजनं का?' म्हणून थांबता. कॅमेऱ्यासमोर हे सगळं गळून पडतं आणि उरतं ते एकसुरी बोलणं. वर्गात तुमचं जे लक्ष आपोआप काम करतं, ते व्हिडिओत आधीच विचार करून पेरावं लागतं. मुलगा कुठे अडखळेल, तो मनात काय चुकीचं धरून बसलाय, कोणत्या क्षणी त्याला वही उघडायला लावायची, हे रेकॉर्डिंगच्या आधी कागदावर ठरलेलं असलं पाहिजे. चाळीस हजारांच्या कॅमेऱ्याने यातलं काही होत नाही.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच सांगतो. हे व्हिडिओ वर्गाच्या जागी आहेत, की चुकलेला तास भरून काढायला, की परीक्षेच्या आदल्या आठवड्यात उजळणीला? उजळणीचा व्हिडिओ थेट मुद्द्यावर येऊ शकतो, पहिल्यांदा शिकवणाऱ्याला तसं चालत नाही. दुसरं, मुलं कशावर बघतात? साक्री, शिरपूर, शिंदखेड्याच्या खेड्यांतून येणारा मुलगा बहुधा फोन उभा धरून, एसटीत किंवा घरच्या ओट्यावर, दिवसाच्या डेटा पॅकमधून बघतो. त्याच्यासाठी केलेला व्हिडिओ आणि लॅबमधल्या मोठ्या स्क्रीनसाठी केलेला व्हिडिओ यांत फरक पडतो. खाली जे सांगतोय ते पहिल्यांदा शिकणाऱ्या, फोनवर बघणाऱ्या मुलाला धरून आहे.

आता लांबीचं. एडएक्स या ऑनलाइन शिकवणाऱ्या संकेतस्थळाच्या चार अभ्यासक्रमांतल्या ६९ लाख व्हिडिओ-पाहण्यांचा फिलिप गुओ आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली अभ्यास केला. व्हिडिओ कितीही लांब असला तरी निम्मी पाहणी सहा मिनिटांच्या आतच आटोपतात, असं त्यात दिसलं. याचा अर्थ पाऊण तासाच्या व्हिडिओचे कात्रीने सात तुकडे करायचे असा नाही. तसे तुकडे अधांतरी सुरू होतात आणि अधांतरी संपतात. तुकडा अडचणीप्रमाणे पाडायचा. एका व्हिडिओत एकच अडचण.

शिअर फोर्स (बीमला, म्हणजे तुळईला, कापू पाहणारं बल) आणि बेंडिंग मोमेंट (तिला वाकवू पाहणारा परिणाम) घ्या. अभ्यासक्रमात ते एकच प्रकरण आहे, पण मुलाच्या डोक्यात त्यात निदान पाच वेगवेगळ्या गाठी असतात. बीम मनातल्या मनात कापला तर कापलेल्या तोंडावर नक्की काय लागतं, ही पहिली. अधिक-उण्याचे नियम कुठून आले, ही दुसरी. पॉइंट लोडला, म्हणजे एकाच जागी आलेल्या भाराला, आकृती एकदम पायरीसारखी का उडी मारते, ही तिसरी. पसरलेल्या भाराला मोमेंटची रेषा वक्र का होते, ही चौथी. आणि शिअर शून्य होतो तिथेच मोमेंट सर्वांत जास्त का, ही पाचवी. प्रत्येकीला पाच ते आठ मिनिटं पुरतात. त्यानंतर सोडवलेली उदाहरणं वेगळी. पूर्ण उदाहरण सोडवताना बारा-चौदा मिनिटं झाली तरी बिघडत नाही, कारण तिथे मुलगा वही घेऊन बरोबर चालत असतो. तिथे वर्णनात वेळेच्या खुणा घाला, म्हणजे यूट्यूब त्याचे भाग पाडून दाखवतं. पहिली खूण शून्य मिनिट शून्य सेकंदाची हवी, खुणा निदान तीन हव्यात आणि कोणताही भाग दहा सेकंदांपेक्षा लहान नको, नाहीतर ते भाग दिसत नाहीत.

सगळ्यात जास्त मेहनत पहिल्या अर्ध्या मिनिटावर घ्या. कॉलेजचं बोधचिन्ह, संगीत, 'विद्यार्थी मित्रहो, मागील व्हिडिओमध्ये आपण पाहिलं' हे सगळं काढून टाका. कॉलेजचं नाव कोपऱ्यात बारीक राहू द्या, पुरेसं आहे. सुरुवात अशा प्रश्नाने करा, ज्याचं उत्तर मुलाला येतं असं वाटतं, पण ते चुकतं.

तुमच्या विषयात असा प्रश्न हाताशीच आहे. घराच्या खिडकीवरचा छज्जा. त्याची मुख्य सळई काँक्रीटमध्ये वरच्या बाजूला टाकायची की खालच्या? आधी शिकलेल्या साध्या टेकू दिलेल्या बीममध्ये ताण खाली येतो, म्हणून सळई खाली. त्याच सवयीने मुलगा इथेही 'खाली' म्हणतो. छज्जा मात्र कॅन्टिलिव्हर आहे. एक टोक भिंतीत घट्ट, दुसरं मोकळं. भाराने मोकळं टोक खाली झुकलं की वरचा थर ताणला जातो आणि खालचा दाबला जातो. काँक्रीट दाब सोसतं, ताण सोसत नाही. म्हणून सळई वर हवी. सळई वर बांधलेली असली, पण काँक्रीट ओतताना कुणी तिच्यावर पाय देऊन ती खाली दाबली, तरी तोच घोटाळा होतो: सेंट्रिंग काढल्यावर छज्जा भिंतीपाशी वरून तडकतो. मुलाच्या घराचं बांधकाम चालू असेल तर व्हिडिओ संपल्यावर तो गच्चीवर जाऊन गवंड्याचं काम बघून येईल. बेंडिंग मोमेंटचं चिन्ह त्याला यापुढे पाठ करावं लागणार नाही.

चुकीच्या समजुतीपासून सुरुवात करण्यामागे ठोस कारण आहे. डेरेक मुलर यांनी सिडनी विद्यापीठात २००८ साली पीएचडीसाठी भौतिकशास्त्राच्या व्हिडिओंवर काम केलं. फक्त बरोबर, स्वच्छ स्पष्टीकरण दिलेला व्हिडिओ विद्यार्थ्यांना सोपा वाटला, पण त्यांचे गुण फारसे वाढले नाहीत. ज्यात आधी चूक बोलून दाखवली आणि मग ती खोडली, तो व्हिडिओ त्यांना गोंधळाचा वाटला, पण शिकणं त्यातून जास्त झालं. कारण सरळ आहे. ओळखीचा विषय गोड भाषेत ऐकला की मुलाला वाटतं 'हे तर मला माहितीच आहे', आणि त्याच्या मनातली चूक जागची हलत नाही. म्हणून 'खाली' हे उत्तर तुम्ही स्वतः मोठ्याने म्हणा, त्यामागचा मुलाचा तर्क मांडा, तो तर्क कुठपर्यंत बरोबर आहे तेही सांगा, आणि मग तो कुठे मोडतो ते दाखवा.

दाखवायचं कसं? गादीच्या दुकानातून फोमचा तुकडा आणा, साधारण ३० सेंटिमीटर लांब आणि ५ बाय ५ सेंटिमीटर जाड. बाजूच्या तोंडावर दर दोन सेंटिमीटरला जाड मार्करने उभ्या रेघा मारा आणि मधोमध एक आडवी रेघ. एक टोक दोन विटांमध्ये घट्ट धरा, दुसरं बोटाने खाली दाबा. वरच्या कडेला रेघांमधलं अंतर वाढलेलं दिसतं, खालच्या कडेला कमी झालेलं, आणि मधल्या आडव्या रेघेवर ते तेवढंच राहतं. ती मधली रेघ म्हणजेच न्यूट्रल ॲक्सिस. मग तोच तुकडा दोन विटांवर आडवा ठेवून मध्ये दाबा, चित्र उलटं होतं. फोम फार मऊ घेतला तर दाबाच्या बाजूला घड्या पडून रेघा वाकड्या दिसतात. बोटाने दाबल्यावर लगेच परत येणारा, जरा दाट फोम मागा. कॅमेरा तुकड्याच्या बरोबर उंचीवर ठेवा. वरून तिरका धरला तर रेघांमधला फरक दिसतच नाही. पुठ्ठ्याच्या पट्टीवर हा प्रयोग करू नका, पुठ्ठा दुमडतो आणि मुलाच्या डोक्यात बेंडिंगऐवजी घडी बसते.

सिद्धता आणि आकडेमोड तयार स्लाइडवर टाकू नका, हाताने लिहा. गुओंच्या त्याच अभ्यासात हाताने लिहीत शिकवलेले व्हिडिओ नुसत्या स्लाइडपेक्षा जास्त वेळ पाहिले गेले होते. लिहायला जितका वेळ लागतो, तितकाच वेळ मुलाला विचार करायला मिळतो. तयार स्लाइडवर आठ ओळी एकदम समोर येतात, आणि तुम्ही पहिली समजावत असता तेव्हा तो सातवी वाचत असतो. लिहिताना मात्र लिहिलेलंच वाचून दाखवू नका. हात 'काय' लिहितोय, तोंडाने 'का' सांगा. हात 'आरए बरोबर ३०', म्हणजे एका टेकूचा उलटा जोर (रिॲक्शन) ३०, लिहीत असताना तोंडातून यावं: 'भार सारखा पसरलाय, दोन्ही टेकूंना निम्मा-निम्मा.' रंगांचा नियम एकदा ठरवा आणि सगळ्या मालिकेत पाळा: भार लाल, रिॲक्शन निळ्या, बाकी काळं. चौथा रंग आला की रंगांचा अर्थ संपतो.

लिहिण्यासाठी दोन मार्ग आहेत. संगणक असेल तर तीन-चार हजारांचा पेन टॅब्लेट घ्या. त्यावर हात बसायला आठवडाभर रोज अर्धा तास सराव लागतो, पहिल्या दिवशी अक्षर बिघडलं म्हणून सोडू नका. दुसरा मार्ग म्हणजे फोन स्टँडला उलटा टांगून खाली कागदावर लिहायचं. मला नवशिक्यासाठी हाच बरा वाटतो, कारण हात दिसतो, आकृती पट्टीने काढता येते आणि फोम, सळई, नट-बोल्ट त्याच चौकटीत ठेवता येतात.

इथे अक्षराच्या आकाराचा हिशोब करून घ्या, कारण चूक बहुतेक इथेच होते. उभ्या धरलेल्या फोनवर आडवा व्हिडिओ साधारण ७ सेंटिमीटर रुंद आणि ४ सेंटिमीटर उंच दिसतो. आडवा ए-फोर कागद पूर्ण चौकटीत घेतला तर त्याची ३० सेंटिमीटर रुंदी ७ मध्ये बसते, म्हणजे सगळं चौपटीहून जास्त बारीक होतं. नेहमीचं ५ मिलिमीटरचं अक्षर तिथे जेमतेम एक मिलिमीटर राहतं. म्हणून चौकट लहान करा: आडवा ए-फाइव्ह, २१ सेंटिमीटर रुंद. त्यावर ६ मिलिमीटरचं अक्षर काढलं तर फोनवर २ मिलिमीटर दिसतं, ते वाचता येतं. स्लाइडचंही तेच. नेहमीच्या रुंद स्लाइडवर १८ पॉइंटची ओळ फोनवर सव्वा मिलिमीटरच्या आसपास उतरते, २८ पॉइंटची दोन मिलिमीटर. २८ च्या खाली जाऊच नका. पेन बॉलपेन नको, एक मिलिमीटरच्या टोकाचा काळा जेल किंवा स्केचपेन घ्या. अपलोड करण्याआधी स्वतःचा व्हिडिओ एकदा फोन उभा धरून, ३६० पी वर बघा. डेटा वाचवायला मुलं तोच दर्जा निवडतात. तिथे वाचता आलं तर सगळीकडे येईल.

कागद पांढराशुभ्र नको, किंचित पिवळसर किंवा राखाडी घ्या. पांढऱ्या कागदावर फोन उजेड आपोआप कमी करतो, हात आत-बाहेर झाला की चित्र गडद-फिकं होत राहतं. कॅमेरा ॲपमध्ये कागदावर बोट दाबून धरलं की फोकस आणि एक्सपोजर लॉक होतं. प्रत्येक टेकच्या आधी ते करा. उजव्या हाताने लिहीत असाल तर दिवा डावीकडून, कागदाशी साधारण ४५ अंशांत. उजवीकडे असला तर पेनच्या टोकावर हाताचीच सावली पडते. दिव्याखाली चित्रात काळे पट्टे सरकताना दिसले तर दिव्याचा दोष समजू नका. आपली वीज ५० हर्ट्झची, दिवा सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये अँटी-बँडिंग ५० हर्ट्झवर ठेवा, किंवा शटर हाताने ठरवता येत असेल तर सेकंदाचा पन्नासावा किंवा शंभरावा भाग धरा.

आवाज. मुलगा धूसर चित्र सहन करतो, पण घुमणारा आवाज दोन मिनिटंही सहन करत नाही. एसटीत इअरफोन लावून ऐकणाऱ्याला तर अजिबात नाही. खर्च पहिला इथे करा: हजार रुपयांच्या आसपासचा कॉलर माइक. तो हनुवटीपासून एक वीत खाली लावा, ओढणीला किंवा कडक कॉलरला घासणार नाही असा. रिकाम्या वर्गात रेकॉर्डिंग करू नका, चार उघड्या भिंती आणि फरशी आवाज परत फेकतात. घरातली गाद्या-कपाटांची खोली चांगली. समोरच्या भिंतीवर एक जाड गोधडी टांगली तरी घुमणं बरंच कमी होतं.

आपल्याकडचा खरा शत्रू पंखा आणि कूलर आहे. मे महिन्यात धुळे-जळगाव-भुसावळ पट्ट्यात पारा ४५ च्या आसपास जातो, पंखा बंद करून तासभर बसणं शक्य नाही. म्हणून उन्हाळ्यात रेकॉर्डिंग पहाटे साडेपाच ते सात एवढंच ठेवा आणि दोन-तीन मिनिटांच्या टेकमध्ये काम करा: पंखा बंद, टेक, पंखा चालू. मागचा आवाज नंतर सॉफ्टवेअरने काढता येतो हे खरं, पण कूलरची घरघर जोर लावून काढली तर बोलणं पाण्याखालून आल्यासारखं होतं. प्रत्येक बैठकीत सुरुवातीला दहा सेकंद गप्प बसून खोलीचा नुसता आवाज रेकॉर्ड करा. ऑडॅसिटी या आवाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये नॉइज रिडक्शनला नमुना म्हणून तोच लागतो. बोलण्याचा सर्वांत मोठा आवाज उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या मध्ये राहू द्या. शून्याला टेकला की तो फाटतो, आणि फाटलेला आवाज दुरुस्त होत नाही. पूर्ण रेकॉर्डिंगच्या आधी वीस सेकंद बोला, इअरफोन लावून ऐका, मगच पुढे जा. एवढं टाळल्यामुळे अख्खी सकाळ वाया जाते. उन्हाळ्यात फोन तापून मध्येच रेकॉर्डिंग थांबवतो, तेव्हा कव्हर काढा, चार्जिंग काढा आणि विमान मोड लावा. त्याने घंटीचीही कटकट मिटते.

संगणकावर रेकॉर्ड करणार असाल तर ओबीएस स्टुडिओ फुकट आहे आणि पुरेसा आहे. त्यात फाइलचा प्रकार एमपी-फोरऐवजी एमकेव्ही ठेवा. रेकॉर्डिंग चालू असताना वीज गेली तर साधी एमपी-फोर फाइल बहुधा उघडतच नाही, एमकेव्हीत तोवरचं सगळं शाबूत राहतं. नंतर ओबीएसच्याच फाइल मेनूतून 'रीमक्स' करून एमपी-फोर करून घ्या, दर्जा कमी होत नाही. फोनच्या व्हिडिओत आणखी एक खोडी आहे. फोन फ्रेमचा वेग एकसारखा ठेवत नाही, त्यामुळे एडिटिंगमध्ये दहाव्या मिनिटाला ओठ आणि आवाज वेगळे पडतात. हँडब्रेक नावाच्या सॉफ्टवेअरमधून 'कॉन्स्टंट फ्रेमरेट' (एकसारखा फ्रेमचा वेग) निवडून फाइल आधी काढून घ्या, मग एडिटिंगला बसा.

आकाराचा अंदाज असू द्या. फोनने काढलेली आठ मिनिटांची मूळ फाइल एक जीबीच्या घरात जाते. कागदावरच्या लिखाणात चित्र फारसं हलत नाही, म्हणून ७२० पी आणि सेकंदाला ५०० किलोबिट एवढ्यावर ते स्वच्छ दिसतं. ४८० सेकंद गुणिले ५०० किलोबिट म्हणजे ३० एमबी, आवाज मोनो ६४ किलोबिटवर ठेवला तर आणखी ४ एमबी. ३४ एमबीची फाइल टेलिग्रामवर पाठवली तर मुलगा कॉलेजच्या वायफायवर उतरवून घेतो आणि घरी नेटशिवाय बघतो. यूट्यूबवर टाकताना मात्र चांगल्या दर्जाची फाइल द्या, तिथे ती पुन्हा दाबली जाते.

एडिटिंगमध्ये अडखळणं, घसा खाकरणं, पान उलटणं कापा. पण प्रश्न विचारल्यानंतरची शांतता कापू नका. 'आता व्हिडिओ थांबवा आणि उत्तर वहीत लिहा' असं म्हणून पडद्यावर प्रश्न पाच-सात सेकंद तसाच राहू द्या. ती शांतता म्हणजे मुलाचं काम करायचं ठिकाण आहे. दर दोन-अडीच मिनिटांनी असं एक ठिकाण हवं.

व्हिडिओखाली एकच प्रश्न द्या, पण त्याचे चुकीचे पर्याय विचार करून निवडा. सहा मीटरचा साधा टेकू दिलेला बीम, मीटरला १० किलोन्यूटन पसरलेला भार, सर्वांत जास्त बेंडिंग मोमेंट किती? बरोबर उत्तर ४५ किलोन्यूटन-मीटर. ९० निवडणाऱ्याने सगळा ६० चा भार मधोमध एका जागी धरलाय. १८० निवडणाऱ्याने कॅन्टिलिव्हरचं सूत्र लावलंय. ३० निवडणाऱ्याने एकतर रिॲक्शनलाच मोमेंट समजलंय किंवा दोन्ही टोकं घट्ट असलेल्या बीमचं टोकाचं सूत्र उचललंय. गुगल फॉर्मवर ६० मुलांची उत्तरं आली की कोणती चूक किती जणांची, हे दिसतं, आणि पुढचा व्हिडिओ कशावर करायचा हे वेगळं शोधावं लागत नाही.

भाषेबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगतो. बोलणं मराठीत, संज्ञा पडद्यावर पाठ्यपुस्तकात जशा आहेत तशाच लिहा, कारण प्रश्नपत्रिकेत त्याच भेटतात. 'शिअर फोर्स'चं 'कर्तन बल' करून बोलायची गरज नाही. एखादा अहिराणी शब्द आपुलकी आणतो, पण स्पष्टीकरण त्यावर टेकवू नका. वर्गात नंदुरबार-अक्कलकुव्याकडची भिली, पावरी बोलणारी मुलंही असतील, त्यांना साधी सरळ मराठीच सोपी पडते.

प्रात्यक्षिकांचे व्हिडिओ वेगळ्या पद्धतीने करा. टेन्साइल टेस्टमध्ये, म्हणजे सळई ओढून बघायच्या चाचणीत, सळई आणि डायलचा काटा दोन्ही एकाच वेळी दिसले पाहिजेत. दोन फोन लावा, सुरुवातीला एक टाळी वाजवा आणि एडिटिंगमध्ये दोन्हींतला टाळीचा आवाज जुळवून चित्रं शेजारी ठेवा. १२ मिलिमीटर व्यासाच्या माइल्ड स्टीलचं क्षेत्रफळ ११३ चौरस मिलिमीटर. २५० मेगापास्कलला यील्ड (सळई कायमची ताणली जायला लागते तो टप्पा) धरलं तर काटा २८ किलोन्यूटनच्या आसपास अडखळतो, थांबतो, कधी किंचित मागे येतो. तो क्षण खऱ्या वेगात दाखवा, त्याआधीचं संथ वाढणं वेगाने पळवा. भार चढण्यापूर्वीच मुलांना २८ चा आकडा काढायला लावला तर काटा तिथे पोचेपर्यंत कुणी नजर हटवत नाही. लेथवर चित्रीकरण करताना स्टँड चकच्या (फिरणारा तुकडा पकडणाऱ्या भागाच्या) समोर, चिपा उडतात त्या दिशेला ठेवू नका. चालवणाऱ्याच्या खांद्यावरून घ्या. मुलाला पुढे तिथेच उभं राहायचं आहे. आणि सैल बाह्या, हातमोजे घालून चालवणारा माणूस चित्रात दिसू देऊ नका, मुलं तेच उचलतात.

इतर विभागातल्या सहकाऱ्यांनाही सुरुवातीचे प्रश्न खानदेशातच सापडतील. हतनूर धरणाचे ४१ दरवाजे उघडल्याची बातमी दर पावसाळ्यात येते. पाणी दरवाजाच्या माथ्यापर्यंत असेल तर त्याचा एकत्रित जोर निम्म्या उंचीवर लागतो की खाली? उभ्या आयताकृती दरवाजावर तो तळापासून एक तृतीयांश उंचीवर लागतो. रावेरच्या केळीत ठिबकच्या नळीच्या शेवटच्या झाडाला पाणी कमी का मिळतं? साक्रीच्या पठारावर वारा दुप्पट झाला तर पवनचक्कीला मिळणारी ताकद दुप्पट होते की आठपट? दीपनगरच्या वीज केंद्राच्या कूलिंग टॉवरमधून निघतो तो धूर असतो का? यातला प्रत्येक प्रश्न एका व्हिडिओचं पहिलं अर्ध मिनिट होऊ शकतो. चित्रीकरणाला आत जायचं असेल तर लेखी परवानगी घ्या, नाहीतर हाताने आकृती काढा. पुस्तकातली आकृती स्कॅन करून टाकू नका.

यूट्यूबच्या ॲनालिटिक्समध्ये मुलं किती टिकली त्याचा आलेख बघत जा. सुरुवातीलाच कडा कोसळलेला असेल तर प्रस्तावना लांबली. मध्ये एकदम खड्डा असेल तर तिथे काय बोलत होता ते ऐका, बहुधा तेच ते परत सांगितलेलं असतं. आलेख मध्येच वर उठला असेल तर मुलं तेवढा भाग परत बघतायत: एकतर तो महत्त्वाचा आहे, नाहीतर तुम्ही घाईने उरकलात. ६० मुलांच्या वर्गात हा आलेख ढोबळच असतो, म्हणून त्यातल्या दोन मुलांना समोर बसवून व्हिडिओ दाखवा आणि त्यांचं बोट कधी पुढे ढकलायला जातं ते बघा. एक लक्षात ठेवा, यूट्यूबवर त्याच दुव्याखाली नवी फाइल टाकता येत नाही, फार तर आतला भाग कापता येतो. त्यामुळे पहिले काही आठवडे व्हिडिओ 'अनलिस्टेड' (दुवा असलेल्यालाच दिसणारे) ठेवून वर्गालाच द्या, दुरुस्त्या झाल्या की खुले करा.

पैशांचं म्हणाल तर माइक हजार, फोनचा उलटा स्टँड दीड हजार, दोन एलईडी दिवे हजार, फोम आणि कागद-पेन तीनशे, हवा असेल तर पेन टॅब्लेट चार हजार. दर दुकानागणिक थोडे इकडेतिकडे होतील, पण आठ हजारांच्या आत हे बसतं. उरलेल्यातून एक बाहेरची हार्ड डिस्क घ्या. मूळ फाइली दोन ठिकाणी असल्या पाहिजेत.

४२ व्हिडिओ पुन्हा करायला घेऊ नका, उमेद संपेल. आठ मिनिटांच्या एका व्हिडिओला सुरुवातीला पाच-सहा तास लागतात: दोन लिहायला, एक-दीड चित्रीकरणाला, बाकी एडिटिंगला. मागच्या परीक्षेचे पेपर काढा, मुलांचे गुण सर्वांत जास्त कुठे गेले ते तीन मुद्दे निवडा आणि तेवढेच नव्याने करा. जुने व्हिडिओ चुकलेल्या तासासाठी आहेत तिथे राहू द्या. पहिला छज्ज्याचाच घ्या. त्यात तुम्ही बोलणार ते सगळं आधी कागदावर उतरवा, ७०० शब्दांच्या वर जाऊ देऊ नका. म्हणजे फोमचा प्रयोग धरून तो सात-आठ मिनिटांत बसेल. लिहून झाल्यावर मसुदा इथे टाकलात तर मी ओळ न् ओळ बघून सांगेन.